पत्र्यावरचा गड



तुमच्या घरात पाऊल टाकल्यावर समोरच्या भिंतीवर काय दिसते? आमच्या लहानपणी तिथे एक कॅलेंडर असे, देवाची एक तसबीर असे आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याचा पिवळा पडलेला फोटो असे. वर्ष सरले की कॅलेंडर बदले. तसबीर मात्र वर्षानुवर्षे तिथेच. पावसाळ्यात काचेच्या आत ओल शिरे, कागदाला बुरशी धरे, कडेने कसर लागे, आणि दहापंधरा वर्षांत देवाचा अर्धा हात दिसेनासा होई. कोकणातल्या आणि ठाणे जिल्ह्यातल्या मंडळींना हे मी सांगायला नकोच.

आता दिवस पालटले. मी अंबरनाथ पूर्वेला राहतो. कल्याण सोडून गाडी कर्जतकडे वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग आमचे अंबरनाथ. स्टेशनाच्या पूर्वेला उतरून शिवमंदिराच्या रस्त्याने चालत गेलात, तर दुतर्फा नव्या इमारती दिसतील. त्यांतल्या कोणाच्याही घरी जा. निम्म्या घरांतून तरी भिंतीवर एक चकचकीत पत्रा टांगलेला असतो. त्यावर चित्र छापलेले. कुठे उंच मनोऱ्यांचा किल्ला, कुठे कारंजी आणि कातरलेल्या झुडपांची बाग. हा पत्रा फुटत नाही, त्याला कसर लागत नाही, ओल्या फडक्याने पुसला की झाले. मोबाइलवरून मागवला की घरपोच येतो. अशा या पत्र्यावरच्या किल्ल्यांविषयी आणि बागांविषयी आज थोडे बोलणार आहे. विषय छोटा वाटेल. पण त्याने मला चांगलाच धडा शिकवला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शिकवत होतो त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेला एक भेट दिली. मुले मोठ्या प्रेमाने आली होती. कोणी रिक्षा चालवणारा, कोणी कारखान्यात, कोणी बँकेत. वर्गणी काढून त्यांनी पत्र्यावर छापलेले मोठे चित्र आणले आणि इतिहासाच्या वर्गात लावले. हिरव्यागार डोंगरावर पांढराशुभ्र किल्ला, निमुळते निळे मनोरे, मागे बर्फाची शिखरे. खाली मराठीत ठळक अक्षरे: "आमचे गड, आमचा अभिमान." टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी सहावीतली एक मुलगी मला विचारते, "गुरुजी, हा कुठला गड? आणि ह्याच्यावर तोफा कुठं ठेवायचे?"

मी निरुत्तर झालो. कारण तो गड आपला नव्हताच. तो होता जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातला नॉयश्वानस्टाइन नावाचा राजवाडा. दुसरा लुडविग नावाच्या राजाने तो 1869 साली बांधायला घेतला. त्याचे मूळ कल्पनाचित्र काढले ते नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका चित्रकाराने. आत गरम हवेने खोल्या उबदार ठेवायची सोय, नळाचे वाहते पाणी. युद्धासाठी तो बांधलाच नव्हता, तर तोफा ठेवणार कुठे? जुन्या कथांतल्या सरदारांसारखे आपणही राहावे, एवढीच राजाची हौस. आणि ती हौसही पुरी झाली नाही; राजा तिथे जेमतेम 172 दिवस राहिला आणि 1886 साली वारला. पुढे काही आठवड्यांतच तो राजवाडा लोकांना तिकीट लावून दाखवायला खुला झाला.

आता गंमत पाहा. कल्याणहून आमच्या अंबरनाथावरून पुढे जाणारा लोहमार्ग सुरू झाला 1856 साली. म्हणजे ज्याला आम्ही प्राचीन किल्ला समजून हार घातला, तो आमच्या दारावरून जाणाऱ्या आगगाडीपेक्षा वयाने लहान! आणि शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, वालधुनी नदीच्या काठी, जे शिवमंदिर उभे आहे, त्यातल्या शिलालेखावर शक 982, म्हणजे इसवी सन 1060 आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातले ते मंदिर. त्या राजवाड्याहून आठशे वर्षांनी थोरले. मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते आणि वर पाहिले तर उघडे आभाळ दिसते. राजवाड्याची पायाभरणी होण्याच्या आदल्याच वर्षी, 1868 साली, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची मंडळी या मंदिराची रेखाचित्रे, छायाचित्रे आणि शिल्पांचे साचे घ्यायला अंबरनाथला आली होती. लांबून लोक येऊन ज्याचे चित्र घेऊन गेले, त्याचे एकही चित्र आमच्या वर्गात नव्हते.

पण मंडळी, यात त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांनी "किल्ल्याचे सुंदर चित्र" असे मागितले आणि दुकानदाराने त्याच्या दृष्टीने सुंदर ते दिले. शिवाय राजवाडा आणि बाग यांची आवड आपल्याला काही आजची नाही. जुन्या संगीत नाटकांत रंगवलेले पडदे असत ते आठवा. राजवाड्याचा पडदा, बागेचा पडदा, रस्त्याचा पडदा. गावच्या जत्रेतल्या नाटकालासुद्धा भाड्याने आणलेला बागेचा पडदा लागे. फोटो काढायला तालुक्याला गेलो तर फोटोवाला ज्या पडद्यापुढे उभे करी, त्यावर खांब, कठडे आणि फुलांच्या कुंड्या रंगवलेल्या. घरात शेणाने सारवलेली जमीन असली, तरी फोटोत मागे राजवाडा हवा! राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथली रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली. माणसाला आपल्या भिंतीवर थोडे वैभव हवे असते. ती हौस खोटी नाही. प्रश्न एवढाच, की त्या हौसेपोटी आपण भिंतीवर काय लावतो, आणि ते किती काळ टिकणार आहे.

टिकण्याचा प्रश्न आला म्हणून हे पत्र्यावरचे चित्र होते कसे, ते थोडक्यात सांगतो. शिक्षकांना विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल.

धातूवर चित्र उमटवण्याच्या तीन मुख्य तऱ्हा. पहिली इनॅमलची. जुन्या निळ्यापांढऱ्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. लोखंडी पत्र्यावर रंगीत काचेची पूड बसवून ती भट्टीत सुमारे 800 अंशांवर वितळवायची. काच पत्र्याला घट्ट धरते. अशा पाट्या पन्नास पन्नास वर्षे उन्हापावसात उभ्या राहतात. टवका उडाला तरच तिथे गंज धरतो.

दुसरी तऱ्हा डबेवाल्यांची. बिस्किटांचे, चहाचे रंगीत डबे आठवा. पूर्वी शिळाछापाने चित्रे छापत. दगड कठीण आणि पत्राही कठीण. एकावर एक दाबले तर शाई नीट उतरत नाही. यावर 1875 साली इंग्लंडात रॉबर्ट बार्कले याने तोड काढली. शाई आधी एका मऊ आवरणाच्या रुळावर घ्यायची आणि तिथून पत्र्यावर. आधी ते आवरण खास पुठ्ठ्याचे होते, मग रबराचे आले. पुढे 1904 च्या सुमारास अमेरिकेत हीच युक्ती कागदाला लावली गेली आणि ऑफसेट छपाई जन्माला आली. आज तुमच्या वर्गातली पाठ्यपुस्तके याच रीतीने छापतात. म्हणजे जी छपाई कागदाची म्हणून आपण ओळखतो, तिचे माहेर पत्र्यात आहे.

तिसरी तऱ्हा आजची. ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत पत्र्यावर एक पातळ, पारदर्शक लेप दिलेला असतो. चित्र आधी खास कागदावर उलटे छापायचे, तो कागद पत्र्यावर ठेवून सुमारे 200 अंशांच्या उष्णतेत दाबायचा. तुम्ही देवापुढे कापूर ठेवता. तो पडून पडून न वितळता हवेत उडून जातो. तसाच या कागदावरचा रंग वितळण्याच्या फंदात न पडता वाफ होतो आणि त्या लेपाच्या आत शिरून बसतो. याला आपल्या पुस्तकात संप्लवन म्हणतात. रंग वर नसून आत असतो, म्हणून तो पुसला जात नाही, ओरखड्याने सहज निघत नाही.

आता माझा मुद्दा इथे आहे. कागदावर चूक छापली तर वर्षाअखेरीस कॅलेंडर उतरते आणि चूकही उतरते. पत्र्यावर छापलेली चूक मात्र टिकते. आमच्या वर्गातला तो राजवाडा सहावीच्या निदान वीस तुकड्या तरी पाहतील. पोर इतिहासाच्या पुस्तकातले चार धडे विसरेल, पण रोज डोळ्यांसमोर असलेले चित्र विसरणार नाही. "गड" म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे निळे मनोरे उभे राहतील. आणि मग तो खऱ्या रायगडावर जाईल तेव्हा त्याला वाटेल, इथे तर काहीच नाही! याहून मोठे नुकसान कोणते?

कारण आपला गड वेगळा. युरोपातल्या बहुतेक चित्रांत इमारत हाच किल्ला असतो. सह्याद्रीत डोंगर हाच किल्ला. निसर्गाने उभे केलेले काळे कडे हीच तटबंदी. माणसाने फक्त जिथे कडा तुटका होता तिथे चिरा बसवला आणि जिथून वाट चढत होती तिथे दरवाजा केला. तो दरवाजासुद्धा लपवलेला. दोन बुरुजांच्या कवेत वाट वळवून आत नेलेली, म्हणजे खालून पाहणाऱ्याला दार दिसू नये, हत्तीला धाव घ्यायला जागा मिळू नये. याला गोमुखी बांधणी म्हणतात. रायगडाचा महादरवाजा पाहा. चित्र काढणाऱ्याला जे ठळक दाखवावेसे वाटते, तेच आपल्या लोकांनी मुद्दाम दडवले.

रायगडावर 1674 साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. 1818 साली इंग्रजांच्या तोफांनी वरचे वाडे जळाले. आज वर दिसतात ती जोती, बाजारपेठेच्या समोरासमोरच्या दोन रांगा, गंगासागर तलाव, जगदीश्वराचे मंदिर आणि महाराजांची समाधी. छप्पर नाही, मनोरे नाहीत. या उघड्या जोत्यांचे खरे चित्र मला कोणत्याही झगझगीत चित्रापेक्षा मोलाचे वाटते. हल्ली संगणक क्षणात चित्रे रचून देतो. त्यांत रायगडावर सोन्याचे कळस असतात, सिंधुदुर्गाभोवती हव्या तशा लाटा असतात. पाहायला छान. पण ते "असे असावे" हे चित्र, "असे आहे" हे नव्हे. दोन्हींना एकच नाव देऊन भिंतीवर लावू नये, इतकेच.

बागांचे म्हणाल तर, गडावर कसली बाग, असे वाटेल. पण रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेले आज्ञापत्र चाळून पाहा. गडावर जी झाडे असतील ती राखावीत, फणस, चिंच, वड, पिंपळ लावावेत, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे, फुलझाडे, वेलीसुद्धा लावाव्यात, असे त्यात बजावले आहे. उपयोगी असो नसो, जे रुजेल ते झाड गडावर हवे. कारण अडीअडचणीला तेच लाकूड कामी येते. ही आपली गडावरची बाग. कातरलेली नव्हे, राखलेली. आणि ज्यांना आखीव बागच हवी, त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचे चित्र लावावे. सतराव्या शतकातली ती चारबाग. पाण्याचे पाट आणि फरसबंदी वाटा यांनी चार भागांत विभागलेली. ती बाग आपल्याच राज्यात आहे आणि एस.टी.ने जाऊन पाहता येते.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आणि तामिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून गडांची चित्रे शोभेच्या दुकानांत अधिक दिसू लागली आहेत, हे चांगलेच. शाळेसाठी, ग्रामपंचायतीसाठी किंवा घरासाठी असे चित्र घेणार असाल, तर चार गोष्टी अनुभवाने सांगतो.

पहिली गोष्ट, नाव. चित्राखाली गडाचे नाव, तालुका, जिल्हा आणि छायाचित्र कोणत्या साली घेतले ते छापून घ्या. जो विक्रेता हे सांगू शकत नाही, त्याच्याकडून "किल्ला" घेऊ नका.

दुसरी, ठिपके. स्वतः काढलेला फोटो छापायचा असेल तर मूळ फोटो द्या. व्हॉट्सॲपवर दहा जणांकडून फिरून आलेला देऊ नका. त्यातले ठिपके गळालेले असतात. दर इंचाला निदान दीडशे ठिपके हवेत. अठरा इंच रुंदीचा पत्रा असेल तर 18 गुणिले 150, म्हणजे 2700 ठिपके आडवे हवेत. हे गणित मुलांकडूनच करवून घ्या.

तिसरी, टांगणे. ओल्या भिंतीला पत्रा चिकटवू नका. मागे लाकडाचे अर्ध्या इंचाचे ठोकळे लावा, हवा खेळू द्या. समुद्राकाठच्या गावांत साधा लोखंडी खिळा गंजून भिंतीवर तांबडे ओघळ येतात. तिथे न गंजणाऱ्या पोलादाचे स्क्रू वापरा. पत्र्याचे कोपरे गोल करून घ्या, मुलांचे हात सुरक्षित राहतील.

चौथी, ऊन आणि पुसणे. रंग लेपाच्या आत असला तरी रोजचे कडक ऊन त्याला हळूहळू खातेच. खिडकीसमोर लावू नका. पुसायला मऊ ओले फडके पुरे. काथ्या, राख, तारेची घासणी यांना लांब ठेवा.

आता आमच्या वर्गाचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. तो राजवाडा उतरवावा, असे माझ्या मनात होते. पण ज्या मुलांनी वर्गणी काढली, त्यांची तोंडे डोळ्यांपुढे आली. त्यांतला एक म्हणाला होता, "गुरुजी, मी शिकलो नाही फारसा, पण ह्या भिंतीवर माझं काहीतरी राहील." ते चित्र उतरवणे मला जमेना. आणि खोटे चित्र तसेच ठेवणेही जमेना.

शेवटी मुलांनीच तोड काढली. शाळेच्या गच्चीवरून मलंगगड दिसतो. ठरले की त्याचेच चित्र घ्यायचे आणि शेजारी लावायचे. पावसाळा संपता संपता, एका स्वच्छ सकाळी, मुले गच्चीवर चढली. फोटो छान आला. पण डोंगराच्या अलीकडे एका नव्या इमारतीचा सांगाडा आणि विजेच्या तारा आल्या होत्या. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, हे संगणकावर खोडून टाकू. गड मोकळा दिसेल." वर्गात चांगलीच वादावादी झाली. तेव्हा तोफांचा प्रश्न विचारणारी तीच मुलगी उठली आणि म्हणाली, "मग आपला फोटो आणि त्यांचा राजवाडा सारखाच झाला की!"

तारा राहिल्या. इमारतही राहिली. पत्रा छापून आला, त्याच माजी विद्यार्थ्यांना बोलावून त्यांच्याच हाताने तो लावला. खाली लिहिले: मलंगगड, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे, पुढे साल आणि "शाळेच्या गच्चीवरून". मग राजवाड्याखालच्या अक्षरांवर मुलांनी नवी पट्टी लावली: नॉयश्वानस्टाइन, बव्हेरिया, बांधकाम आरंभ 1869. दोन्ही आता शेजारी शेजारी आहेत, आणि दोन्ही खरी आहेत.

मध्यंतरी त्या गच्चीवर पुन्हा गेलो. सांगाड्याची इमारत पुरी झाली आहे, शेजारी दुसरी उठते आहे. गडाचा अर्धा माथा झाकला गेला आहे. आणखी काही वर्षांनी तिथून तो कदाचित दिसणारही नाही. वर्गातल्या पत्र्यावर मात्र तो दिसत राहील, तारांसकट.

तेव्हा मंडळी, एवढेच मागणे. तुमच्या शाळेच्या गच्चीवरून, तुमच्या शेताच्या बांधावरून जो डोंगर, जे देऊळ, जो जुना वाडा दिसतो, त्याचे एक खरे चित्र यंदा घेऊन ठेवा. पत्र्यावर छापा, कागदावर छापा, नाहीतर मुलांकडून काढून घ्या. खाली नाव आणि साल लिहा. आणि चित्र भिंतीवर लागले की मुलांना घेऊन त्या जागी एकदा जाऊन या.